बाडांतील तीन हात व त्यांचा ठेका

जुन्या बाडांचा संग्रह करणाऱ्या विद्वानांस हें सांगावयास नको कीं, पोथीचा काल ठरविण्याचीं साधनें अनेक आहेत. कागद, शाई, अक्षरवळण, शेवटची पुष्पिका, मध्येंच कोणीं तरी टिपलेला हिशेब, या सर्वांवरून लेखकाचा काल, प्रांत व कधीं कधीं धंदाही समजतो. परंतु त्याच बाडांत एखादें पद असेल, तर तें कोणत्या लयींत गाइलें जात होतें, टाळी कोणत्या अक्षरावर पडत होती, हें सांगण्यास बाड बहुधा असमर्थ असतें. शब्द उरतात, गति जाते. आमच्या घरच्या एका बाडावरून ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली व तीबरोबरच आमच्या हातून घडलेला एक प्रमादही उमगला. दोन्हींचें निवेदन करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मुकुटबन हें यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यांतील गांव वणीच्या दक्षिणेस वसलें आहे. पुढें पैनगंगा ओलांडली कीं आदिलाबाद लागतें, व तो मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. इंग्रजी अमलांत या जिल्ह्यास वणीवरूनच ‘वूण जिल्हा’ म्हणत. १९०५ सालीं त्याचें नांव यवतमाळ झालें. सीमेवरील प्रदेश असल्यामुळें बाजाराच्या दिवशीं येथें मराठीबरोबर तेलुगु, गोंडी व कोलामी ऐकूं येते. अशा ठिकाणीं एका घरांत एकच ठेका पिढ्यान्‌पिढ्या टिकेल ही अपेक्षाच व्यर्थ होय.

आमचें बाड फार जुनें नाहीं. संग्राहकांच्या दृष्टीनें त्याची किंमत अल्पच ठरेल. त्यांत तीन पिढ्यांचे तीन हात आहेत. पहिला हात आमच्या आजोबांचा. बोरूनें लिहिलेलें टपोरें बाळबोध अक्षर, शब्द न तोडतां सलग ओळी, आणि मजकूर अभंग, भूपाळ्या, आरत्या, मोरोपंतांच्या कांहीं आर्या व माहूरच्या विष्णुदासांचीं देवीवरील पदें असा. दुसरा हात वडिलांचा. हें लेखन टाकानें व निळ्या शाईनें केलेलें असून प्रत्येक पदाच्या माथ्यावर ‘चाल’ हा शब्द व त्यापुढें दुसऱ्या एखाद्या पदाचे आरंभींचे दोन तीन शब्द दिले आहेत. तिसरा हात आमच्या वडील बंधूंचा. त्यांनीं बॉलपेनानें शेवटच्या कोऱ्या पानांवर भजनें उतरलीं असून तेथें ‘चाल’ जाऊन आमच्याकडील भजनी मंडळ्यांत रूढ असलेला ‘तर्ज’ हा शब्द आला आहे, आणि त्यापुढें चित्रपटांतील गाण्यांचीं नांवें आलीं आहेत.

पहिल्या हातांत चालीचा निर्देश मुळींच नाहीं, दुसऱ्यांत रंगभूमीवरील व भजनांतील पदांचा आहे, तिसऱ्यांत चित्रपटाचा आहे. हे तीन समास शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे महाराष्ट्रांतील लोकगायनाच्या सुमारें शंभर वर्षांच्या लयपालटाचा सांगाडाच समोर उभा राहतो. तो क्रमानें पाहूं.

पहिल्या हातानें चाल लिहिली नाहीं याचें कारण अज्ञान नव्हे. जें सर्वांस ठाऊक असतें तें कोणी लिहीत नाहीं. अभंगाचे मोठा व लहान हे दोन भेद प्रसिद्ध आहेत. मोठ्या अभंगांत सहा, सहा, सहा व चार अशीं अक्षरें, लहानांत आठ आठ. दोन्हींत मोजावयाचीं तीं अक्षरें, मात्रा नव्हेत. माधव जूलियन यांनीं ‘छंदोरचना’ या ग्रंथांत (पहिली आवृत्ति १९२७, सुधारलेली १९३७) मराठी पद्याचे छंद, जाति व वृत्त असे तीन वर्ग केले आहेत. त्यांपैकीं छंदांत अक्षराच्या ऱ्हस्वदीर्घत्वास महत्त्व नसतें व प्रत्येक अक्षर सामान्यतः दीर्घ उच्चारावयाचें असतें. जातींत मात्रांचीं आवर्तनें मोजतात, आणि वृत्तांत लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो. आम्हीं लहानपणीं आजोबांच्या पंगतींतील वृद्धांकडून मोठा अभंग ऐकला, तो असा: सहा अक्षरांस सहा मात्रा, मग दोन मात्रांचा विसावा, म्हणजे आठ मात्रांचें एक आवर्तन. शेवटच्या चार अक्षरांनंतर चार मात्रांचा विसावा, म्हणजे पुन्हा आठच. हाच तो भजनी ठेका. विसाव्यांत टाळ वाजत असत. शब्द थांबत, पण गति थांबत नसे. बाडांत अक्षरें लिहिलीं आहेत, विसावा लिहिलेला नाहीं, आणि अभंगाचें अर्धें गायन त्या विसाव्यांत आहे.

अक्षरछंदाची ही परंपरा किती प्राचीन आहे याचे दोन पुरावे सुपरिचित आहेत. चालुक्य नृपति सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त (शके १०५१ च्या सुमारास) महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात असा स्पष्ट उल्लेख आहे. पुढें देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकरा’त ओवीचें लक्षण दिलें. तीन खंड प्रासयुक्त, भाषा देशी आणि अखेरीस ‘ओवी’ हें पद, असा त्याचा आशय आहे. महानुभाव पंथांतील महदंबेचे ‘धवळे’ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत आमच्याच वऱ्हाडांत, ऋद्धिपुरास, विवाहगीतें म्हणून गाइले गेले. ज्ञानेश्वरांनीं तर आपल्या ओवीविषयीं, ती गाइली असतां शोभते आणि गाण्यावांचूनही रंग दाखविते, अशा अर्थाचें म्हटलें आहे. म्हणजे शके १२१२ मध्यें ओवीचीं दोन रूपें होतीं, एक कंठांतील व एक ग्रंथांतील. आम्हां पोथीवाल्यांच्या हातीं दुसरेंच आलें.

सोमेश्वराच्या उल्लेखांतील एका शब्दाकडे लक्ष द्यावें. तो कांडणाविषयीं बोलतो, दळणाविषयीं नव्हे. मुसळ वर जातें व खालीं आदळतें, तेथें आघात आहे, टाळी आपोआप पडते. जातें आदळत नाहीं, फिरतें. त्यास सम नाहीं, खळ नाहीं. आहे तो फक्त खुंट्याचा फेर. खुंटा दूर गेला कीं हात लांबतो, जवळ आला कीं आखडतो, आणि स्वरही त्याबरोबर लांबतो व आखडतो. ओवी एकच असली तरी कांडणाची ओवी व दळणाची ओवी यांची लय एक असणें शक्य नाहीं. ग्रंथांत मात्र दोन्हींस एकच नांव व एकच लक्षण आहे.

आतां आमचा प्रमाद सांगतों. आमची मातोश्री पहांटे जात्यावर बसे. गांवांत पिठाची गिरणी आल्यावरही सणावाराचें पीठ ती घरींच दळी. तिच्या ओव्या बाडांत नाहींत. तीन हातांपैकीं एकासही त्या उतरून घ्याव्या असें वाटलें नाहीं, कारण बाड पुरुषांचें व जातें स्त्रियांचें होतें. आम्ही संस्कृत घेऊन कॉलेजांत शिकत असतां सुटींत घरीं आलों आणि तिच्या बारा ओव्या कागदावर टिपल्या. मग छंदःशास्त्राचा नवा अभिमान अंगांत असल्यामुळें चरणांचीं अक्षरें मोजूं लागलों. कोठें नऊ, कोठें अकरा, कोठें तेरा! ‘बाई’, ‘माझ्या’, ‘गं’, ‘सये’ हे शब्द अर्थास निरुपयोगी व संख्येस बाधक दिसले, म्हणून ते काढून टाकले. चरण समसमान केले, शुद्ध प्रत स्वच्छ अक्षरांत लिहिली आणि कच्चा कागद चुलींत घातला. ती प्रत आईस वाचून दाखविली तेव्हां ती हसून म्हणाली, “तुह्या ओवीवर जातं फिरत नाही रे बापू.” आम्हीही हसलों. तें वाक्य शास्त्रवचन आहे हें समजण्यास आम्हांस पुढें पुष्कळ वर्षें लागलीं, व तोंवर आई राहिली नाहीं.

निवृत्तीनंतर मुकुटबनांतील एका वृद्ध बाईंकडे आम्ही त्याच ओव्या विचारावयास गेलों. खुर्चीवर बसून त्यांस एकही आठवेना. ‘बसून म्हणायचं नसते ते,’ असें त्या म्हणत. शेवटीं त्या खालीं बसल्या, समोर एक परात पालथी घातली आणि तिच्यावर हात गोल फिरवूं लागल्या. तिसऱ्या फेऱ्यास ओवी आपोआप आली. आम्ही ऐकत होतों व पहात होतों. जेथें जेथें आम्हीं ‘बाई’ कापून टाकिला होता, तेथें तेथें त्यांचा हात दूरच्या टोकास पोंचत होता. तें पद व्यर्थ नव्हतें. तो खुंट्याचा परतीचा फेर होता. फेऱ्याच्या मापानें चरण बरोबर होते, आमच्या बोटांच्या मापानें चूक होते. जो नियम तेथें चालत होता तो आम्हांस दिसला नाहीं, व जो दिसला तो तेथला नव्हता.

दुसऱ्या हाताकडे वळूं. येथें अक्षर मोजण्याचा काळ मागें पडून मात्रा मोजण्याचा काळ आला आहे. अर्थात् मात्रावृत्तें मराठीस नवीन नव्हतीं. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) ज्यांस आपण आर्या म्हणतों त्या बहुतांशीं बारा व अठरा मात्रांच्या दोन सारख्या ओळींच्या गीति आहेत. रामजोशी, अनंत फंदी, होनाजी, प्रभाकर या शाहिरांच्या लावण्या ढोलकीच्या तालावरच उभ्या राहिल्या. तथापि घरोघरच्या माणसाच्या कानांत मात्रांचें आवर्तन पक्कें बसविलें तें रंगभूमीनें. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं रंगभूमीवर आलें व १८८२ मध्यें ‘सौभद्र’. त्यांनीं कीर्तनांतील साकी, दिंडी, कामदा व लावणीच्या चाली एकत्र आणल्या. साकीची ओळ सोळा व बारा मात्रांची, दिंडीची नऊ व दहा मात्रांची. श्रोत्यास छंदःशास्त्र ठाऊक नसलें तरी ओळ कोठें वळते हें त्याचा पाय जाणतो. पुढें ‘मानापमाना’स (१९११) गोविंदराव टेंब्यांनीं व ‘स्वयंवरा’स (१९१६) भास्करबुवा बखल्यांनीं चाली दिल्या, तेव्हां ख्याल व ठुमरी यांच्या बंदिशी नाटकांत शिरल्या. येथें एक मोठा पालट घडला. पूर्वी पद्याच्या मापांतून चाल निघे, आतां चालीच्या मापांत पद्य बसवावें लागूं लागलें.

माधव जूलियनांनीं आवर्तनांस दिलेलीं नांवें मोठीं मार्मिक आहेत. भ्रमरास सहा पाय म्हणून सहा मात्रांचें तें भृंगावर्तन, कमळास आठ पाकळ्या म्हणून आठांचें तें पद्मावर्तन, अग्नीस सात जिव्हा म्हणून सातांचें अग्न्यावर्तन, शंकरास पांच मुखें म्हणून पांचांचें हरावर्तन. या मापानें आमच्या वडिलांच्या हातचीं पदें तपासलीं असतां बहुतेक पद्मावर्तनी निघतात, कांहीं भृंगावर्तनी. गवयांच्या भाषेंत पहिलीं केरवा किंवा धुमाळींत बसतात, दुसरीं दादऱ्यांत. आजोबांच्या पानांवर सहा अक्षरें व दोन मात्रांचा विसावा होता. वडिलांच्या पानांवर आठही मात्रा शब्दांनीं भरल्या आहेत. आवर्तन तेंच, परंतु विसावा गेला. पेटी आली होती. पेटीचा स्वर अखंड चालतो, त्यास टाळांच्या मोकळ्या जागेची गरज नसते.

परंतु आमच्या प्रांतांत दुसऱ्या हातावर सर्वांत मोठा ठसा उमटला तो नाटकाचा नव्हे, खंजिरीचा. तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ सालीं अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें झाला. मोझरीस त्यांनीं गुरुकुंज स्थापिला, १९४२ च्या चळवळींत कारावास भोगला व १९६८ सालीं देह ठेविला. त्यांच्या भजनांनीं विदर्भाचें खेडेंन्‌खेडें भारलें होतें, आणि तें भजन ज्या वाद्यावर चाले तें वाद्य म्हणजे खंजिरी. वारकरी पद्धतीच्या भजनांत गाणारा वेगळा, मृदंग वाजविणारा वेगळा, टाळकरी वेगळे. लय ही सर्वांची मिळून असते व ती चढवावयाची तर सर्वांनीं मिळून चढवावी लागते. खंजिरी गाणाराच्याच हातांत असते. तोच गातो, तोच ठोकतो. त्यामुळें शब्दावर जोर द्यावयाचा असेल तेथें बोटें दाट पडतात, सभा थंड दिसली तर लय तत्काळ वाढवितां येते. भजन हें व्याख्यानाच्या जवळ येतें. वडिलांच्या पानांवर ‘चाल’ म्हणून ज्या पदांचे आरंभ दिले आहेत, त्यांपैकीं निम्मीं तरी अशा खंजिरी भजनांचीं आहेत. आजही विदर्भांत खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात, म्हणून त्या चाली आम्हांस लावतां आल्या. उरलेल्यांपैकीं कांहीं चाली ज्या पदांवरून घेतल्या तीं पदेंच आज कोणास येत नाहींत. ‘चाल अमुक पदाची’ ही टीप म्हणजे किल्ली होय. पण कुलुपच हरवलें म्हणजे किल्लीचा उपयोग काय?

याच काळांत एक यंत्र घरांत आलें. हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणास आरंभ १९०२ सालीं कलकत्त्यास झाला. तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटें वाजे. दळणाची ओवी सुपांतलें धान्य सरेपर्यंत चाले, जागराचें भजन उजाडेपर्यंत चाले. तबकडीवरचें गाणें तिच्या परिघाबरोबर संपे. तेव्हां ध्रुपद किती वेळां घ्यावें, कडवीं किती असावीं, मध्यें वाद्यांस किती जागा द्यावी, हें सर्व मोजून ठरूं लागलें. भावगीत या प्रकाराची बांधणी या मोजणींत झाली. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची शीळेवरील कविता जी. एन. जोशी यांनीं १९३२ च्या सुमारास तबकडीवर गाइली, आणि वऱ्हाडांतल्या कवीचे शब्द वऱ्हाडांतल्याच माणसांनीं ग्रामोफोनावर ऐकले. तेथें लय गाणाराच्या इच्छेवर वाढत नाहीं. शंभर वेळां वाजविली तरी तीच. ठेका प्रथमच माणसाच्या हातांतून निसटून यंत्रांत कायम झाला.

बोलपटानें हीच गोष्ट पुढें नेली. मराठी बोलपटांचा प्रारंभ ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या प्रभातच्या चित्रानें झाला. १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ या चित्राविषयीं एक हकीकत संशोधकांनीं अवश्य लक्षांत ठेवावी. त्यांत शांताराम आठवले यांनीं स्वतः रचलेला बीजाच्या दृष्टांताचा एक अभंग आहे. भाषा व छंद इतके हुबेहूब साधले आहेत कीं, तो तुकोबांचाच आहे असें पुष्कळांनीं मानलें. उद्यां एखाद्या खेड्यांतील बाडांत तो नामनिर्देशावांचून सांपडला, तर केवळ शब्द व अक्षरसंख्या पाहणारा संपादक त्यास सतराव्या शतकांत नेऊन बसवील. परंतु त्याच्या माथ्यावर चालीची एक टीप असेल, अथवा तो कोणत्या ठेक्यांत गात याची नोंद असेल, तर फसगत टळेल. ठेका हा केवळ रसिकांचा विषय नसून कालनिर्णयाचें साधन आहे, असें जें आम्ही म्हणतों तें याच अर्थानें.

तिसऱ्या हाताविषयीं थोडक्यांत सांगतां येईल, कारण तो अजून बहुतेक वाचकांच्या कानांत आहे. बंधूंनीं उतरलेल्या भजनांत तुकोबा व नामदेव यांचे अभंगही आहेत, पण त्यांवर ‘तर्ज’ म्हणून हिंदी चित्रपटांतील गाण्याचें नांव आहे. तेंच सहा अक्षरांचें चरण. आजोबांच्या मुखीं प्रत्येक अक्षर सारखें लांबत होतें. तर्जेंत तेंच बोलण्याप्रमाणें ऱ्हस्वदीर्घ होतें, तीन चार मात्रांतच उरकतें, आणि उरलेली जागा भरण्यासाठीं ‘देवा’, ‘विठ्ठला’, ‘हो’ असे शब्द घातले जातात. बंधूंनीं हे शब्द कंसांत लिहून ठेविले आहेत. छंद मोडला असें कोणी म्हणेल. आम्ही तसें म्हणत नाहीं. जात्याच्या फेऱ्यासाठीं आईनें ‘बाई’ घातला, तर्जेच्या आवर्तनासाठीं भावानें ‘देवा’ घातला. दोघांनींही हातीं असलेल्या मापास शब्द पुरा पाडला. भेद इतकाच कीं, आईचें माप तिच्या खांद्यांतून निघे, भावाचें माप मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतून आलें होतें.

आतां चौथा हात दिसतो, पण तो बाडांत नाहीं, कारण तो लिहीतच नाहीं. आमच्याकडे लग्नाच्या वरातींत ‘धुमाळ’ नांवाचा वाद्यमेळ असतो. नागपूरकडे व छत्तीसगडांतही तो लोकप्रिय आहे. पूर्वीच्या ढोलताशांशेजारीं आतां विजेवर चालणारी आठ चौकटींची पाटी येते व एका काडीच्या स्पर्शानें ती ढोलकी, हलगी, संबळ यांचे आवाज काढते. धुमाळ व धुमाळी ताल या नांवांतील सादृश्यावरून व्युत्पत्ति सांगण्याचा मोह होतो, पण पुराव्यावांचून तो आवरावा हें बरें. एवढें खरें कीं, नातवंडांचे पाय याच ठेक्यावर पडतात, आणि तोच मेळ पालखीपुढें आला म्हणजे त्यावर अभंगही वाजतो.

वृद्धांची तक्रार अशी कीं, ताल बिघडला. ही तक्रार आम्हांस पटत नाहीं. शार्ङ्गदेवानें एकशें वीस देशी ताल सांगितले, त्यांतील किती आज वाजतात? त्यांचा लोप झाला म्हणून नामदेवांच्या काळीं कोणी गाणें सोडलें नाहीं. आजोबांच्या भजनी ठेक्यासही कोणे एके काळीं नवीन म्हणून नाकें मुरडलीं गेलीं असतील. ठेका बदलतो, कारण काम बदलतें, हातांतलें वाद्य बदलतें, आणि गाणें किती वेळ चालावें हें ठरविणारी वस्तु बदलते. यांत पाप नाहीं. पाप आहे तें एकाच गोष्टींत, जुना ठेका जातांना त्याची नोंद न करण्यांत. शार्ङ्गदेवाचे ताल लुप्त झाले तरी लघु, गुरु व प्लुत यांच्या खुणांनीं ते लिहिलेले असल्यामुळें आज मोजतां येतात. आमच्या आजोबांचा विसावा कोणींच लिहिला नाहीं.

आणि ज्यांच्याकडे मुळीं बाडच नाहीं त्यांचें काय? मुकुटबनाच्या आसपास गोंड व कोलाम यांची वस्ती आहे. गोंडांच्या कुळकथा परधान लोक किंगरीवर गातात. तेथें पोथी नाहीं, पुष्पिका नाहीं. सर्व ग्रंथ गाणाराच्या कंठांत व धनुकलीच्या ओढींत. पैनगंगेपलीकडे आदिलाबादेंत फ्यूरर हायमेनडॉर्फ या विद्वानानें १९४० नंतर राहून राजगोंडांचा अभ्यास केला व १९४८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. आम्ही नदीच्या अलीकडे जन्मलों, दिवाळींत त्यांचे ढोल अंथरुणांत पडून ऐकले, पण त्यांतील एकही ठेका आम्हांस लिहून ठेवावासा वाटला नाहीं. ‘तें आपल्या विषयांत बसत नाहीं’ असें वाटे. आईच्या ओव्यांविषयीं पुरुषांच्या बाडानें जो न्याय केला, तोच आम्हीं शेजाऱ्यांच्या ढोलांविषयीं केला.

उपाय अवघड नाहीं. पुण्यास हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनीं १९८० नंतरच्या काळांत खेडोपाडीं हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, व त्यांपैकीं पुष्कळ ओव्या गाणाऱ्या बायांच्या आवाजांत मुद्रित झाल्या. एवढें मोठें कार्य प्रत्येकास साधणार नाहीं. पण यवतमाळच्या शारदाश्रमासारख्या संस्थांनीं व खासगी संग्राहकांनीं जीं बाडें जपलीं आहेत, त्यांतील एखादें पद गाणारें माणूस जेथें जिवंत असेल, तेथें पुढील पांच गोष्टी टिपणें कोणासही शक्य आहे.

पहिली, तें पद कोणत्या कामाच्या अथवा प्रसंगाच्या वेळीं, उभ्यानें कीं बसून, व कोणत्या वाद्यावर म्हणतात. दुसरी, टाळी ज्या अक्षरावर पडते त्याखालीं खूण. भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं समेस फुली व खालीस शून्य अशीं सोपीं चिन्हें रूढ केलीं आहेत, तींच वापरावीं. तिसरी, एका कडव्यास लागणारा वेळ घड्याळ लावून मोजावा, म्हणजे ‘विलंबित’ व ‘द्रुत’ या सापेक्ष शब्दांवर विसंबावें लागणार नाहीं. चौथी, ‘चाल’ वा ‘तर्ज’ म्हणून ज्या गाण्याचें नांव दिलें असेल तेंही त्याच वेळीं म्हणवून घ्यावें, कारण किल्लीबरोबर कुलूपही जपलें पाहिजे. पांचवी, अर्थास निरुपयोगी दिसणारें एकही अक्षर गाळूं नये. संपादकास जें जास्तीचें वाटतें तेंच पुष्कळदां मापाचें असतें. आज बहुतेकांच्या खिशांतील दूरध्वनींत आवाज टिपण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावाच. परंतु नुसतें ध्वनिमुद्रण पुरेसें नाहीं. परातीवर फिरणारा हात ध्वनींत ऐकूं येत नाहीं. तो पाहणाऱ्यानेंच लिहिला पाहिजे.

आमच्या शुद्ध प्रतींतील बारा ओव्यांपैकीं सात ओव्या त्या वृद्ध बाईंस येत होत्या. त्यांच्या पाठावरून आम्हीं त्या सातांतील गाळलेले शब्द लाल शाईनें पुन्हा भरले आहेत, व प्रत्येक फेऱ्याच्या जागीं एक लहानसें वर्तुळ काढलें आहे. उरलेल्या पांच ओव्या समसमान अक्षरांच्या, व्याकरणशुद्ध व निर्दोष अशा तशाच पडून आहेत. त्यांवर जातें फिरत नाहीं. मुकुटबन, वणी, पांढरकवडा, माहूर या टापूंतील कोणा वाचकाच्या घरीं अशा ओव्या म्हणणारें कोणी असेल, तर त्यांनीं कृपा करून आम्हांस कळवावें. आम्ही येऊन ऐकूं, आणि या वेळीं एकही अक्षर कमी करणार नाहीं.